डिझेलची गाळणी

ताडकळसहून मालाचे ट्रक निघतात. कोणी परभणीला जातो, कोणी पूर्ण्याला, कोणी पालमकडे. कोणात कापूस, कोणात सोयाबीन, कोणात सिमेंट. गाडी बहुधा कर्जाची. वाटेत ती बंद पडली तर भाडे बुडते, पण हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज आपण गाडीतल्या एका लहान वस्तूची माहिती घेऊ. ती म्हणजे डिझेल फिल्टर. आपल्या भाषेत सांगायचे तर डिझेलची गाळणी.

गाळणीचे मोल आपल्याला ठाऊक आहे. पूर्वी गावोगाव नारूचा रोग होता. पाणी फडक्याने गाळून पिणारे त्यातून वाचत. पुढे २००० साली आपला देश नारूमुक्त झाला. गाळणीने माणूस वाचतो, तसे इंजिनही वाचते. ते कसे, पाहू.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा फार जोराने दाबतात. ती इतकी तापते की डिझेल आत पडताच पेटते. ठिणगी लागत नाही. असे इंजिन जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली चालवून दाखवले. त्यांचेच नाव तेलाला पडले.

पण डिझेल पेटायचे तर ते धुक्यासारखे बारीक उडाले पाहिजे. ते काम पंप आणि नोझल करतात. नोझलची भोके फार बारीक असतात. पंपाच्या आतल्या भागांमधली फट तर केसाहूनही पुष्कळ बारीक असते. तिथे धुळीचा कण गेला की तो कानसीसारखा घासतो. पाणी गेले की गंज चढतो.

मग नोझलमधून फवारा उडत नाही, थेंब गळतात. थेंब नीट जळत नाहीत. गाडी काळा धूर सोडते. तो काळा धूर म्हणजे आपलेच पैसे, अर्धवट जळून हवेत चाललेले.

गाळणी तुंबली तर वेगळाच त्रास होतो. इंजिनाला डिझेल पुरत नाही. गाडी चढाला ओढत नाही. ड्रायव्हर खालच्या गिअरात गाडी रेटतो आणि डिझेल जास्त लागते. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. कधी वाटेतच बंद पडते.

मग करायचे काय? गाडीबरोबर कंपनीचे पुस्तक मिळते. गाळणी किती किलोमीटरला बदलायची, ते त्यात लिहिलेले असते. त्याप्रमाणे बदलावी. कागदाची गाळणी धुऊन किंवा हवा मारून परत बसवू नये. कागद फाटतो, आणि फाटकी गाळणी असून नसून सारखीच. स्वस्त मिळाली म्हणून नकली घेऊ नये. गाळणीवाचून गाडी तर कधीच चालवू नये.

गाळणीच्या तळाशी पाणी साचते. ते काढायचा स्क्रू असतो. इंजिन बंद करून पाणी भांड्यात काढावे, जमिनीवर सांडू नये. त्या वेळी विडी पेटवू नये. टाकी रात्रभर रिकामी ठेवू नये. रिकाम्या टाकीतल्या हवेची वाफ गारव्याने थिजते आणि तिचे पाणी होते. संध्याकाळीच टाकी भरावी. डबक्यातून डिझेल ओतायचे झाले तर डबके कोरडे व स्वच्छ असावे.

गाळणी बदलल्यावर नळीत हवा राहते. जुन्या गाडीत ती हातपंपाने काढतात. नव्या गाड्यांत डिझेलचा दाब भयंकर असतो. तिथे इंजिन चालू असताना नळी सैल करू नये. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत मोलाची. आपल्याला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. मग एक वही करा. टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा लिहा. पुन्हा काठोकाठ भराल तेव्हा आकडा आणि लिटर लिहा. जितके किलोमीटर झाले, त्यांना लिटरने भागा. हेच गाडीचे ॲव्हरेज.

समजा, ४०० किलोमीटरला १०० लिटर लागले. म्हणजे ॲव्हरेज ४ झाले. पुढे तोच रस्ता, तेवढाच माल, पण लागले ११० लिटर. दहा लिटर गेले कुठे? आधी टायरची हवा पाहा. ब्रेक धरतो का पाहा. हवेची गाळणी पाहा. मग डिझेलची गाळणी पाहा. ती कधी बदलली, तेही त्याच वहीत लिहिलेले असू द्या.

आपला देश शंभरातले ऐंशीहून जास्त भाग खनिज तेल बाहेरून आणतो. ते वाचवण्याचा प्रचार करायला सरकारने १९७८ साली एक खास संस्था काढली. पण तुमचे डिझेल तुमची वहीच वाचवील. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरे. तसेच थेंबे थेंबे तळे आटते, हेही विसरू नये.