नवी गाडी हळू नको, बदलत्या वेगाने हवी

नामपुरात कुणाच्या दारी नवी छोटी गाडी आली की पेढ्यांसोबत सल्लाही मिळतो : पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सल्ला आपुलकीचा असतो, आणि एके काळी तो बरोबरही होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघायची त्या काळात सुटे भाग आजच्याइतके अचूक घडत नसत. घट्ट पिस्टन तापून जाम होण्याची भीती खरी होती, म्हणून मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पाटी लावून लोक जपून चालवत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे यंत्रे बदलत गेली, सल्ला मात्र तोच राहिला. इंजिन रुळवण्याची गरज आजही आहे. पण ते नुसते हळू चालवून रुळत नाही, वेग आणि भार बदलता ठेवल्याने रुळते.

नव्या सिलिंडरची भिंत मुद्दाम पूर्ण गुळगुळीत केलेली नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा ओढतात. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला तर त्यांची जाळी दिसते. खोली मात्र काही मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. रेघांमध्ये ऑइल धरून राहते आणि मधले बारीक उंचवटे पिस्टनच्या रिंगा घासून सपाट करतात. मिस्त्री म्हणतात ते ‘रिंगा बसणे’ हेच. यात रिंगेचा स्वतःचा ताण पुरत नाही. जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय टेकवून चाळीसने जाणाऱ्या गाडीत हा दाब बेताचाच असतो. उभ्या गाडीचे इंजिन तासभर चालू ठेवले तर त्याहूनही कमी. मग रिंगा नीट बसण्याआधीच भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर धरू शकतो आणि गाडी ऑइल खायला लागते. चाळीसनेच पण टॉप गिअरमध्ये गाडी चढावर चढवली, तर धडधडणाऱ्या इंजिनचा सगळा ताण बेअरिंगवर येतो.

मग पहिल्या दिवसापासून दामटावी का? तसे सांगणारेही आहेत आणि दाब हवा हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण उंचवटे अजून घासले गेलेले नसताना पाय तळापर्यंत दाबून इंजिन ओरडत ठेवले, तर घर्षणाची उष्णता ऑइलचा थर तोडते आणि भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून कंपन्यांच्या पुस्तिका पहिल्या सुमारे १००० किलोमीटरसाठी दोन्ही गोष्टी सांगतात : इंजिन फार ताणू नका आणि एकाच वेगावर फार वेळ राहू नका. आजची इंजिने कारखान्यातूनच तयार येतात, हा आक्षेप अर्धवट आहे. तिथली तपासणी थोडा वेळच चालते. पुष्कळ ठिकाणी तर इंधन न जाळता बाहेरच्या मोटरने इंजिन फिरवून पाहतात. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे रुळवणे नवे नाही. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांनीच असते आणि तोवर त्याच्यावर जड काम टाकत नाहीत.

या कामाला आपले नेहमीचे रस्ते उत्तम आहेत. सटाणा, ताहाराबाद किंवा मालेगावला जाताना वाटेत गावे, गतिरोधक, कांद्याचे ट्रॅक्टर लागतात; वेग कमी होतो, गिअर उतरतो, पुन्हा पिकअप घ्यावा लागतो. इंजिनला हेच हवे असते. खबरदारी घ्यायची ती मालेगावहून मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिकला जाताना, कारण तिथे तासभर काटा एका जागी ठेवायचा मोह होतो. मध्ये मध्ये पाय सोडावा, वेग खाली-वर करावा. नवी गाडी सप्तशृंगी गडावर न्यायची पद्धत सोडायचेही कारण नाही. नांदुरीचा घाट भरल्या गाडीने चढताना वेळेवर खालचा गिअर टाकावा आणि उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी, कारण ब्रेकही नवेच असतात. एक काम मात्र अवश्य करावे. रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल जळू शकते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. हजार किलोमीटरनंतरही ती उतरतच राहिली, तर पहिल्या सर्व्हिसलाच ते सांगून नोंदवून घ्यावे.