कुटुंबाचा आरोग्यावरील स्वखर्च : विमा आणि औषधपुरवठा

आरोग्यसेवा घेताना कुटुंबाने स्वतःच्या खिशातून थेट केलेला खर्च म्हणजे स्वखर्च होय. विम्याचा हप्ता यात धरला जात नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात स्वखर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे. तथापि वाटा घटला म्हणजे कुटुंबाचे रुपयेही त्याच प्रमाणात वाचले, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. शासकीय खर्च वाढला तरी (कोविडकाळात तो वाढलाच) ही टक्केवारी खाली येते.

स्वखर्च कमी करण्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने विम्याच्या अंगाने झाला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेस २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने कुटुंबास वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण टाकावे लागणाऱ्या कुटुंबास या योजनांचा आधार निश्चितच आहे. परंतु त्यांचा रोख रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस समाविष्ट होतात. मधुमेहाची गोळी मात्र आयुष्यभर घ्यावी लागते. शेतमजुराच्या घरात दरमहा येणारे औषधांचे हे बिल कोणत्याही दाव्यात बसत नाही.

या संदर्भात तमिळनाडूचे उदाहरण अभ्यसनीय आहे. तेथे १९९४ मध्ये शासकीय वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. संपूर्ण राज्याची मागणी एकत्र करून, मूळ औषधनामाने खुल्या निविदा काढल्या जातात. नमुन्यांवरील उत्पादकाचे नाव झाकून ते प्रयोगशाळेत तपासले जातात. औषधे जिल्हा गोदामांत ठेवली जातात आणि प्रत्येक रुग्णालयास ठरावीक रकमेचे पासबुक दिलेले असते. गरजेनुसार औषध उचलावे व नोंद करावी. कोणते औषध किती लागते, हे रुग्णालयच ठरवते. प्रस्तुत लेखकाच्या मते व्यवस्थेचे खरे बळ या साध्या पासबुकात आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबविली, तीही स्वतंत्र महामंडळ उभारूनच.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, तसेच त्याच वर्षी औषधखरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. यांतील दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. केसपेपर मोफत मिळाला, पण औषध बाहेरून आणण्याची चिठ्ठी हाती पडली, तर रुग्णाचा खर्च रुग्णालयातून समोरच्या मेडिकल दुकानात जातो, एवढेच.