पार्सल स्वस्तात पाठवायचे कसे? पोस्ट, कुरिअर, एसटी आणि ट्रान्सपोर्टचा खरा हिशेब

रमजान जवळ आला की पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची पार्सले बांधली जाऊ लागतात. पहिले कामगारांचे. चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या कारखान्यांत राबणारे आपले तरुण बीड, लातूर, नांदेड, परभणीकडे घरच्यांसाठी ईदचे कपडे, खजूर, सुकामेवा पाठवतात. दुसरे आपल्या भगिनींचे, ज्या घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतात आणि हिजाब, अबाया, जानमाज, मसाले, अत्तर गावोगाव पाठवतात. दोघांचाही प्रश्न एकच असतो: सगळ्यात स्वस्त कोण?

या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. पार्सलमध्ये काय आहे, ते केवढ्या आकाराचे आहे आणि कुठे जायचे आहे, यावर स्वस्त कोण ते ठरते. दरपत्रक पाहून निवड करणारा माणूस बहुतेक वेळा फसतो.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीचेच उदाहरण घ्या. तिने साडेचारशे रुपयांची एक जानमाज हैदराबादला पाठवली. घरच्या काट्यावर वजन 700 ग्रॅम. म्हणून एक किलोचा दर धरून तिने गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले. प्रत्यक्षात कुरिअरचे बिल आले अडीच किलोचे! नफा तर गेलाच, वर पदरचे पैसे घालावे लागले. तिला वाटले कंपनीने लुबाडले. पण चूक काट्याची नव्हती, गुंडाळीची होती.

कुरिअरवाले दोन वजने पाहतात. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे 5000 ने भागायचे. जे उत्तर येते ते किलो. दोन्हींपैकी जे वजन जास्त, त्याचे पैसे. कारण सोपे आहे: गाडीत जागा अडते ती आकाराने. त्यात पुन्हा बहुतेक ठिकाणी अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे असतात. टप्प्यावर एक ग्रॅम गेला तरी पुढच्या टप्प्याचा दर लागतो.

आता त्या जानमाजचा हिशेब पाहा. ती गोल गुंडाळून लांब खोक्यात घातली होती, 70 बाय 12 बाय 12. गुणाकार 10,080, भागिले 5000, म्हणजे 2.016 किलो. दोन किलोच्या वर फक्त 16 ग्रॅम आणि टप्पा अडीच किलोचा! तीच जानमाज घडी घालून 35 बाय 28 बाय 6 च्या पाकिटात बसवली असती तर 1.18 किलो, म्हणजे दीड किलोचा टप्पा. वस्तू तीच, कंपनी तीच, गाव तेच. पैसे वाचवायला कंपनी बदलायची गरजच नव्हती. हिजाब, दुपट्टे, कुर्ते यांचेही तसेच. खोके कशाला? हवा दाबून काढून जाड प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत भरा. 30 बाय 25 बाय 10 चे खोके दीड किलो होते, तेच कपडे 4 सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत बसले तर 600 ग्रॅम होतात. खजुराचे मात्र उलटे. ते जड आणि भरीव, तिथे काट्यावरचेच वजन चालते, आकार आवळून काही मिळत नाही.

आकारमानाचा हा नियम फक्त खासगी कुरिअरचा आहे असेही नाही, स्पीड पोस्ट पार्सललाही तो लागतो. तरीही खेड्यापाड्यात, तालुक्याच्या आतल्या गावात पाठवायचे असेल तर आमचा कौल पोस्टाला. खासगी कंपन्या आडगावांसाठी जास्तीचा आकार लावतात किंवा पार्सल तालुक्याला ठेवून "येऊन घेऊन जा" म्हणतात. पोस्टमन दारात जातो. वजन तुमच्यासमोर होते आणि पावती हातात मिळते, नंतर "फेरवजनात जास्त भरले" असा मेसेज येत नाही.

कागदपत्रांबाबत एक बदल अजून अनेकांना माहीत नाही. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे कागदपत्रांचे नवे दर आले. 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक 19 रुपये, बाहेर देशात कुठेही 47 रुपये, जीएसटी वेगळा. शिष्यवृत्तीचे अर्ज, निकाहनाम्याच्या प्रती, वक्फ किंवा कोर्टाची कागदपत्रे पाठवताना खिडकीवर "रजिस्टर एडी" मागू नका, "स्पीड पोस्ट" म्हणा. नोंदणी किंवा ओटीपीने वाटप हवे असेल तर थोडे जास्तीचे पैसे देऊन ते त्यावर घेता येते.

पुस्तकांसाठी तर पोस्टाशी कोणाची तुलनाच होऊ शकत नाही. 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक छापील पुस्तके तीत जातात. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 1 किलोपर्यंत 35, 2 किलोपर्यंत 50 आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, जीएसटी वेगळा. देशभर एकच दर! म्हणजे मराठी कुरआन भाषांतर, सीरतची पुस्तके, मदरशाची किंवा शाळेची क्रमिक पुस्तके चिंचवडहून चंद्रपूरला किंवा थेट आसामला पाठवा, पैसे तेवढेच. पार्सल रस्त्याने आणि रेल्वेने जाते म्हणून दिवस जास्त लागतात, पण माग काढता येतो. अट अशी की पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचे नाव असले पाहिजे. मासिके, जाहिराती चालत नाहीत, आणि पुस्तकांच्या आडून तसबीह-टोपी घालू नका. जमाती, वाचनालये आणि पुस्तकविक्रेते यांनी ही सेवा वापरली नाही तर नुकसान त्यांचेच.

घरगुती व्यवसाय वाढला, रोज पाच-दहा पार्सले जाऊ लागली, की शिपरॉकेटसारखी ऑनलाइन सेवा परवडू लागते. पिनकोड टाकला की डेल्हिव्हरी, ब्लू डार्ट, डीटीडीसी वगैरेंचे दर शेजारी शेजारी दिसतात आणि ते काउंटरच्या दरापेक्षा बहुधा कमी असतात. कुरिअरचा माणूस घरी येऊन पार्सल नेतो, पर्दानशीन भगिनींना हे सोयीचे. पण इथे पैसे आधी भरावे लागतात आणि वजन कंपनीच्या हबमध्ये पुन्हा मोजले जाते. म्हणून प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, शेजारी टेप लावून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वजनाचा वाद ठरावीक दिवसांत घालावा लागतो, आणि फोटो नसेल तर कोणी ऐकत नाही.

खरी गळती मात्र कॅश ऑन डिलिव्हरीत आहे. समजा 20 पार्सले 80 रुपये दराने पाठवली, खर्च 1600. त्यातली चार घेतली गेली नाहीत, परत आली. परतीचे पुन्हा 80 प्रमाणे 320. एकूण 1920 रुपये आणि पोचली 16 पार्सले. म्हणजे दर पार्सलमागे 80 नव्हे, 120 रुपये पडले, कॅश गोळा करण्याचा आकार वेगळाच. नवीन गिऱ्हाइकाकडून निदान पाठवणीचे पैसे तरी आधी यूपीआयने घ्या. ज्याला खरेच घ्यायचे आहे तो साठ-सत्तर रुपयांना मागे हटत नाही.

इथे विक्रेत्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाठवणीला 60 रुपये लागतात आणि गिऱ्हाइकाला "कुरिअरवाले 120 घेतात" असे सांगितले जाते, हे आम्ही पाहिले आहे. पॅकिंगचे, रिक्षाचे, आपल्या वेळेचे पैसे जरूर घ्या, पण ते 'पॅकिंग-हाताळणी' म्हणून घ्या. मापतोलात खोट करणाऱ्यांना कुरआनने किती कडक इशारा दिला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कुरिअरच्या नावावर खोटे बोलून घेतलेले पैसे त्यापासून फार लांब आहेत, असे आम्हाला वाटत नाही.

अत्तराबद्दल दोन शब्द. अल्कोहोल असलेला परफ्यूम ज्वलनशील, तो विमानाने जाणाऱ्या पार्सलात चालत नाही. तेलाचे अत्तरही द्रव असल्याने अनेक ठिकाणी अडवले जाते. बुकिंग करताना खरे सांगा, रस्त्याने जाणारी सेवा मागा, बाटलीच्या झाकणाला टेप लावून ती वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला. "कपडे आहेत" असे लिहून बाटल्या पाठवल्या आणि त्या फुटल्या तर दुसऱ्याचा मालही खराब होतो, आणि भरपाई मागायला तोंड राहत नाही.

दहा-बारा किलोच्या वर गेलात की कुरिअर विसरा. घरच्यांना कपडे-खजुराचे बोचके पाठवायचे असेल तर पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून एसटीचे पार्सल पाहा. तालुक्याच्या स्टँडवर ते उतरते, घरच्या माणसाने जाऊन सोडवून आणायचे. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकणे स्वस्त आणि झटपट असते, आम्हीही टाकले आहे, पण तिथे बहुधा पावती नसते. हरवले तर दाखवणार काय?

वर्कशॉपवाल्यांचे गणित आणखी वेगळे. 2025 च्या फेब्रुवारीतल्या महापालिकेच्या कारवाईत कुदळवाडी-चिखलीतल्या अनेक भंगार व्यावसायिकांचे, लघुउद्योजकांचे शेड गेले. ज्यांनी पुन्हा काम उभे केले त्यांना भाड्याचा एकेक रुपया जड आहे. लोखंडी सुटे भाग, साचे, पत्रा असा माल निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून बिल्टीवर पाठवणेच परवडते. तिथे भाड्याशिवाय हमाली, बिल्टीचा आकार, पोचल्यावर गोदाम ते दुकान असा टेम्पो, सगळे विचारून बेरीज करा. 'टू पे' केले तर भाडे घेणारा भरतो, त्याला आधी सांगून ठेवा. मालाची किंमत परराज्यात 50 हजारांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर असेल तर ई-वे बिल लागते.

माल हरवला तर काय मिळते हेही स्वस्त-महाग ठरवताना पाहायला हवे. स्पीड पोस्ट हरवले तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यात जे कमी ते. ट्रान्सपोर्टमध्ये जास्त किंमत जाहीर करून त्याचे पैसे भरले नसतील तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. म्हणजे 300 रुपये भाड्यात 20 हजारांचा माल गेला तर जास्तीत जास्त 3000. शिवाय बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही. महागडा माल असेल तर विमा उतरवा, ते थोडे रुपये वाचवू नका. दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

शेवटी पत्ता. परत येणाऱ्या पार्सलांत अपुऱ्या पत्त्यांचा वाटा मोठा असतो आणि आपल्या भागात तर गावांची नावेच दगा देतात. महाळुंगे एक चाकणजवळ आणि एक बालेवाडीजवळ. चिखली आपल्या इथे आणि एक बुलढाणा जिल्ह्यात. पिनकोड चुकला की पार्सल तिकडे गेलेच म्हणून समजा. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडीत खोली करून राहणाऱ्यांनी घरमालकाचे नाव, गट नंबर, जवळची मशीद किंवा किराणा दुकान आणि चाकणचा 410501 हा पिन लिहून द्यावा. फोन नंबर दोन द्या. शिफ्टमध्ये मोबाईल गेटवर जमा असतो, डिलिव्हरीवाला फोन करून थकतो आणि "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून जातो. दुसरा नंबर रूम पार्टनरचा किंवा दुकानदाराचा असेल तर पार्सल त्याच दिवशी घरात येते.