वाटी ओढते की हवा ढकलते?

पावसाळ्यात भंडारदऱ्याला पर्यटकांच्या मोटारींची गर्दी होते. घाटातली वळणे अवघड, रस्ते अरुंद. एखाद्या गाडीच्या दाराला पोचा पडला तर नवल नाही. असा पोचा काढण्यासाठी रबराची चोषक वाटी वापरतात. पत्रा स्वच्छ पुसून किंचित ओला करायचा, वाटी पोच्यावर घट्ट दाबायची आणि मूठ धरून ओढायची. पुष्कळदा 'टक्' असा आवाज होऊन पत्रा पूर्ववत होतो. ठोकाठोक नाही, रंगही उडत नाही. भंडारदऱ्यासारख्या अतिपावसाच्या भागात हे महत्त्वाचे आहे, कारण रंग उडाला की उघड्या पत्र्याला लवकर गंज चढतो.

पोचा कोणी काढला, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी म्हणतील, "वाटीने ओढून काढला." येथेच थोडे थांबायला हवे. हवेचे रेणू पृष्ठभागावर आदळतात, म्हणजे त्याला ढकलतात. धरून ओढणे त्यांना जमत नाही. मग पत्रा बाहेर आला कसा?

दाराच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी हवा असते आणि दोन्हीकडून सारखाच दाब असतो. वाटी दाबल्यावर तिच्यातली बरीचशी हवा निघून जाते. मूठ ओढली की वाटीतली जागा वाढते आणि उरलेली हवा विरळ होते. पत्र्यावरचा बाहेरचा दाब असा घटतो. आतला मात्र कायम राहतो. म्हणजे पोचा बाहेर ढकलते ती दाराच्या पोकळीतली हवा! आपण फक्त तिला बाहेरून होणारा विरोध कमी केला.

आता हा जोर किती, याचा हिशेब करू. 12 सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस सेंटिमीटर भरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.03 किलोग्रॅम वजनाइतका असतो. वाटीत पूर्ण निर्वात पोकळी झाली, तर एकूण जोर सुमारे 117 किलोग्रॅम वजनाइतका होईल. भंडारदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब जवळजवळ 9 टक्के कमी, म्हणून हा आकडा 107 वर येतो. जवळच्या कळसूबाईच्या 1646 मीटर उंच शिखरावर तो 96 च्या आसपास उतरेल. प्रत्यक्षात पूर्ण निर्वात होत नाही, कडेने हवा शिरते; त्यामुळे मिळणारा जोर याहून कमीच असतो.

आपण हवेच्या सागराच्या तळाशी राहतो, असे टॉरिचेली याने 1644 साली एका पत्रात लिहिले होते. डोंगर चढणे म्हणजे या सागराच्या तळापासून वर येणे. विहिरीवर पंप बसवणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. काठावरचा पंप पाणी 'खेचतो' असे आपण म्हणतो, पण पाणी वर चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी हवा. समुद्रसपाटीला ती पाणी फार तर 10.3 मीटर चढवील, भंडारदऱ्याला सुमारे 9.4 मीटर. व्यवहारात त्याहूनही कमी.

थोडक्यात, चोषणाला एका वातावरणाच्या दाबाची मर्यादा आहे. ढकलण्याला तशी मर्यादा नाही. प्रवरा नदीवरचे, 1926 साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण सुमारे 82 मीटर उंच आहे. जलाशय भरलेला असताना भिंतीच्या पायथ्याशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सात-आठ पट असतो. इतका दाब कोणतीही चोषक वाटी देऊ शकणार नाही.

म्हणूनच काही पोचे वाटीला दाद देत नाहीत. रुंद, उथळ पोच्यात पत्रा फक्त वाकलेला असतो, त्याची स्थितिस्थापकता शाबूत असते. डब्याचे पातळ झाकण दाबल्यावर आत जाते आणि थोड्या जोराने टक्कन बाहेर येते, तसेच हे. पण धारदार वस्तू लागून घडी पडली, तर तेथला पत्रा कायमचा ताणला जातो आणि अधिक कठीणही होतो. तांबट ठोकून ठोकून कडक झालेले तांबे तापवून पुन्हा मऊ करतो. मोटारीचा पत्रा तसा तापवला तर रंग जळेल. म्हणून अशा पोच्याला गॅरेजमधला कारागीर आतून सळईने रेटतो किंवा हातोडीने ठोकतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. प्लॅस्टिकची पातळ रिकामी बाटली दाबून चेपवा आणि चेपलेली असतानाच झाकण घट्ट लावा. हात सोडला तरी पोचा बराचसा तसाच राहील. आता झाकण उघडा. हवा आत शिरेल आणि बाटली फुगून जवळजवळ पूर्ववत होईल. बाहेरून कोणीही ओढलेले नाही!

मग विद्यार्थ्यांना विचारा: पावसाचे पाणी निघून जावे म्हणून मोटारीच्या दाराला तळाशी भोके ठेवलेली असतात. दार बाटलीसारखे हवाबंद असते, तर वाटीने पोचा काढणे सोपे झाले असते की अवघड?