बाणाची शेपटी कुठे आहे?

बारावीच्या ऑरगॅनिकमध्ये तुम्हीही ते वाकडे बाण काढले असतील. मी एम.एस्सी.पर्यंत काढले, मार्कही मिळाले. पण 'या बाणाने नेमकं काय हलतं?' असं कुणी विचारलं असतं तर मी गडबडले असते.

कागद घ्या. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड काढा. क्लोरीनजवळचा हायड्रोजन नायट्रोजनकडे जातो. मग बाण कुठून कुठे? बरेच जण हायड्रोजनपासून नायट्रोजनकडे काढतात. यात वेडेपणा काही नाही. जे जातं त्याच्यापासून बाण सुरू, हे आपण लहानपणापासून शिकलोय. इथे मात्र बाण अणूचा नसतोच, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा असतो. तो नायट्रोजनच्या लोन पेअरपासून निघून हायड्रोजनवर येतो. दुसरा, हायड्रोजन-क्लोरीन बंधापासून क्लोरीनवर. म्हणजे हायड्रोजन जातो एकीकडे आणि बाणाचं टोक बरोबर उलटीकडे! (अन्नसाखळीतही असंच फसायला होतं. हरीण गवत खातं, पण बाण गवताकडून हरणाकडे.)

हे फक्त कच्च्या विद्यार्थ्यांचं होत नाही. भट्टाचार्य आणि बॉडनर यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुलं बाण काढत होती, पण त्यांच्यासाठी त्या बाणांना काही भौतिक अर्थच नव्हता. उत्तरापर्यंत पोचलं की झालं. 2012 मध्ये ग्रोव्ह, कूपर आणि रश यांना दिसलं की अनेक विद्यार्थी आधी आठवणीतून प्रॉडक्ट काढतात आणि मग मागाहून बाण सजवतात. आधी रांगोळी, मग ठिपके!

गोची अशी की पेपर तपासणाऱ्याला फक्त पूर्ण झालेली रांगोळी दिसते. आधी काय काढलं ते कळतच नाही. अनोळखी रेणू समोर आला की मगच फजिती होते, कारण तिथे आठवायला काही नसतं.

म्हणून ट्यूटोरियलला मी प्रॉडक्ट विचारणं कमी केलंय. बाण मीच काढून देते, कधी मुद्दाम चुकीचे, आणि सांगते, 'हे जसं म्हणतात तसंच करा.' परवा मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइडचा एकच बाण दिला. ब्रोमीनकडे जाणारा दिलाच नाही. एका मुलीने प्रामाणिकपणे पुढची आकृती काढली, कार्बनचे बंध मोजले. पाच. ती म्हणाली, "मॅडम, तुमचा एक बाण राहिलाय."