ऐकू येते, पण उमगत नाही

मराठी माध्यमातून शिकलेला नातू महाविद्यालयात जाऊ लागला, की पहिल्या काही महिन्यांत त्याची एक तक्रार हमखास असते: इंग्रजी पुस्तक वाचता येते, परंतु वर्गातले व्याख्यान कानांवरून निघून जाते. डॉक्टरांकडून परतताना आपणही पुष्कळदा हेच म्हणता. दोन्ही अडचणींचे मूळ बरेचसे एकच आहे.

मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत आघात असलेली अक्षरे ठळक आणि उरलेली ओझरती उच्चारली जातात; शब्द एकमेकांत मिसळतात. कागदावर ओळखीचा असलेला शब्द बोलण्यात अनोळखी होतो तो यामुळे. नातवाचे कान उत्तम असतात, तरी पंख्याच्या घरघरीत शेवटच्या बाकावर त्याची तारांबळ उडते.

आपल्या बाबतीत वयाची भर पडते. वार्धक्यात श्रवण मंदावते ते वरच्या पट्टीपासून, आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत शाबूत राहतात. म्हणून आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. मातृभाषेत अशा गाळलेल्या जागा मेंदू संदर्भाने भरून काढतो. शिकलेल्या भाषेत ती शिदोरी तोकडी पडते. शिवाय शब्द ओळखण्यातच शक्ती खर्च झाल्याने लक्षात ठेवायला थोडीच उरते. घरचे त्याला विसराळूपणा म्हणतात, हे अन्यायाचे आहे.

याचा खरा धोका औषधांच्या मात्रेत आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत फरक केवळ आघाताचा आणि शेवटच्या ‘न’चा, तोंडावर मुखपट्टी असली तर तोही बुजतो. पंधरा आणि पन्नास यांत असा घोटाळा सहसा होत नाही. तेव्हा आकडा मराठीत विचारावा, कागदावर लिहून घ्यावा आणि डॉक्टरांना पुन्हा म्हणून दाखवावा. यात संकोच कसला?

सोबत करणाऱ्यांनी ओरडू नये. ओरडण्याने स्वर वाढतात, व्यंजने नव्हे. उलट शब्द विकृत होतो. दूरदर्शन संच बंद करावा, चेहरा उजेडात ठेवून समोरून बोलावे, विषय आधी सांगावा, आणि वाक्याच्या तुकड्यांनंतर थांबावे. अक्षरे तोडून बोलण्याचा मात्र उपयोग नाही.

श्रवणचाचणीत केवळ सूर ऐकवून भागत नाही. शब्द ओळखण्याची चाचणीही मागावी, आणि ती मराठी शब्दांची असावी. इंग्रजी शब्दांवर घेतली, तर कान तपासले की भाषा, हे कळणार कसे? मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवण व वाचा यांच्या क्षेत्रात काम करते. कधीकधी कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तेथे उशीर महागात पडतो.