दोन बाजूंची वीज आणि एकच तांब्याची पट्टी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळत असल्याने गच्चीवरील सौरसंच मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आला. मात्र ती वीज घरातील ज्या डीबीत, म्हणजे सर्व एमसीबी एकत्र बसवलेल्या वितरण-पेटीत, आणून सोडली जाते, तिच्या क्षमतेचा विचार खरेदीच्या वेळी सहसा मागे पडतो.

एमसीबी हा जादा प्रवाहाला आपोआप पडणारा खटका केवळ स्वतःतून वाहणाऱ्या प्रवाहावर पहारा ठेवतो, आणि धोक्याचे मूळ नेमके येथे आहे. समजा, बसबार, म्हणजे डीबीतील सर्व खटक्यांना वीज पुरवणारी तांब्याची पट्टी, ४० अँपिअरची असून मुख्य एमसीबी ३२ अँपिअरचा आहे. पाच किलोवॉटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टला सुमारे २२ अँपिअर देतो. तो याच पट्टीला मुख्य एमसीबीच्या शेजारी जोडला, तर मे महिन्यातील दुपारी एसी, इंडक्शन शेगडी आणि पाण्याचा पंप एकदम चालू असताना पट्टीच्या सुरुवातीच्या भागातून ५४ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो, आणि तरीही एकही खटका पडत नाही. पूर्वी एवढ्या भाराला मुख्य एमसीबी पडला असता. आता सौरवीज तो भार त्याच्यापासून लपवते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ४० अँपिअरच्या तुलनेत ती सुमारे १.८ पट होते. सर्वाधिक तापते ते स्क्रूखाली सैल बसलेले वायरीचे टोक, कारण तेथे रोध जास्त असतो. रोज तापून निवताना ते आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि वायरीचे आवरण करपू लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील कलम ७०५.१२ याच बेरजेला मर्यादा घालते. इन्व्हर्टर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जोडल्यास दोन्ही प्रवाह समोरासमोरून येतात व त्यांची बेरीज एका जागी साचत नाही. म्हणून अशा जोडणीत मुख्य खटक्याचे अँपिअर आणि इन्व्हर्टरच्या प्रवाहाची सव्वापट मिळून पट्टीच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. तेथील जुन्या घरांतील १०० अँपिअरच्या पेटीला, मुख्य खटकाही तेवढाच असल्यास, २४० व्होल्टवर जेमतेम ३.८४ किलोवॉटचा इन्व्हर्टर चालतो.

जुनी डीबी बदलणे हा उपाय आहेच. पण बहुतेक घरांत अधिक सयुक्तिक मार्ग म्हणजे इन्व्हर्टरची वायर स्वतंत्र एमसीबीसह डीबीच्या अलीकडे, मीटरजवळील मुख्य स्विचपाशी जोडणे, ज्यामुळे डीबीत मुख्य एमसीबीच्या मर्यादेपलीकडे प्रवाह जातच नाही. मीटरपासून त्या जोडापर्यंतच्या वायरीची जाडी मात्र वेगळी तपासावी लागते. म्हणून सौरसंचाची मागणी नोंदवण्यापूर्वी ग्राहकांनी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून डीबीचे झाकण उघडून घ्यावे आणि बसबारचे अँपिअर, वायरीची जाडी व जोडणीची जागा दरपत्रकात लेखी मागावी.